रुग्णाचा प्रश्न कोणाच्या वहीत?

शस्त्रक्रियेचा निर्णय होणे आणि शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पार पडणे यांमध्ये जो काळ जातो, त्याचा हिशेब इस्पितळाच्या दप्तरात सहसा ठेवला जात नाही. तारीख लिहिली जाते, भूल कोणती दिली हे लिहिले जाते, टाके कधी काढले याचीही नोंद असते. परंतु पित्ताशयातील खड्यांनी, झिजलेल्या गुडघ्याने किंवा मणक्यांतून सरकलेल्या चकतीने गांजलेल्या माणसाने मधले सहा आठवडे वा सहा महिने कसे काढले, हे विचारण्याची कोणास फारशी गरज वाटत नाही. ऑपरेशन ठरलेच आहे, तोवर थोडी कळ काढा, असे डॉक्टर सांगतात आणि घरचेही तेच सांगतात. दुखणे अंगावर काढणे हा मराठी घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, जवळजवळ सद्गुणच मानला गेला आहे. वास्तविक 'वेदना' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच 'विद्' धातूपासून 'विद्या' हा शब्दही आला आहे. दुखणे आणि जाणणे यांचे हे जुने नाते व्यवहारात मात्र कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

दिवस माणसांत निघून जातो. रात्र निघत नाही. मग कूस बदलता बदलता रुग्णाचा हात मोबाईलकडे जातो. पित्ताशय काढून टाकल्यावर अन्न पचते का, गुडघा बदलल्यावर मांडी घालून बसता येते का, भूल दिलेली असताना मध्येच जाग आली तर काय होते, असे प्रश्न तो लिहितो. दिवसा डॉक्टरांना हे विचारण्याचा धीर झालेला नसतो, किंवा वेळच मिळालेला नसतो. गूगलने २०१५ साली दिलेल्या माहितीनुसार त्या शोधयंत्राकडे येणाऱ्या दर वीस प्रश्नांपैकी एक आरोग्याविषयीचा असे. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी यंत्रे आल्यावर तर रुग्ण तुटक शब्दांऐवजी आपली सारी हकीकतच लिहू लागला आहे, तपासण्यांचे कागदही जोडू लागला आहे. हा प्रश्न म्हणजे रुग्णाच्या उपचाराचाच एक भाग आहे. केसपेपरवरील मजकूर जितका खासगी, तितकाच हाही खासगी. असे असता तो मजकूर एका परक्या कंपनीच्या वहीत उतरतो, याची जाणीव विचारणाऱ्याला क्वचितच असते.

रुग्ण मध्यरात्री माहिती शोधतो, हा त्याचा भित्रेपणा आहे असे मानणाऱ्यांनी बॉस्टन येथील एक जुना प्रयोग पाहावा. ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरच्या भुलीचे गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक झाले, त्याच इस्पितळातील भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एगबर्ट व त्यांचे सहकारी यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचा अभ्यास करून १९६४ साली तो प्रसिद्ध केला. रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला भूलतज्ज्ञाची नेहमीची भेट मिळाली. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला शस्त्रक्रियेपूर्वीच नीट सांगण्यात आले की, जाग आल्यावर दुखेल, कोठे दुखेल, किती दिवस दुखेल. हे दुखणे स्नायू आखडल्यामुळे असते. श्वास कसा घ्यावा आणि अंग सैल कसे सोडावे. या दुसऱ्या गटाला अफूजन्य वेदनाशामकांची मात्रा निम्म्याच्या आसपास पुरली, आणि कोणाला काय सांगितले गेले आहे याची कल्पना नसलेल्या शल्यचिकित्सकांनी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडले. एक पैशाचेही नवे औषध त्यांना दिलेले नव्हते. मोजलेली वेदना शस्त्रक्रियेनंतरची होती हे खरे. पण औषध म्हणून जे वापरले ते आधी बोललेले चार शब्द होते.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेच्या 'दारा'चा सिद्धान्त मांडला. जखमेतून निघालेला संदेश मज्जारज्जूत जसाच्या तसा पुढे जात नाही. तेथे जणू एक दार असते, आणि मेंदूकडून येणारे संदेश, म्हणजे भीती, लक्ष, अपेक्षा यांचे संदेश, ते दार कमी-अधिक उघडतात वा मिटतात. सिद्धान्तातील बारकावे पुढे दुरुस्त झाले, तरी वेदना ही केवळ जखमेच्या मापाने मोजायची वस्तू नव्हे ही त्यातील मुख्य गोष्ट टिकली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्याला अधिक दुखत असते आणि जो अधिक धास्तावलेला असतो, त्याला नंतरही अधिक दुखण्याचा संभव असतो, असे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे मधल्या काळात 'कळ काढा' म्हणणे हा नुसता कोरडेपणा नाही. ती वैद्यकीय चूकही आहे. आणि 'गूगल करून आलात वाटते' असे म्हणून रुग्णाला गप्प करणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात घ्यावयास हवे की, जे त्यांच्या दालनात मिळाले नाही तेच तो बाहेर शोधत होता.

अर्थात बाहेर जे मिळते ते पुष्कळदा डॉ. एगबर्ट यांच्या चार शब्दांच्या अगदी उलट असते. मायक्रोसॉफ्टमधील रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००८-०९ च्या सुमारास दाखवून दिले की, साध्या डोकेदुखीपासून सुरू झालेला शोध पाहता पाहता मेंदूतील गाठीपर्यंत पोहोचतो. दुर्मीळ आणि भयंकर रोग शोधाच्या निकालांत त्यांच्या खऱ्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक वेळा समोर येतात. ज्या माणसाचे दार आधीच उघडे आहे, त्याच्या हातात हे निकाल रात्री दोन वाजता पडावेत हे काही बरे नव्हे.

दुसरा धोका कमी दिसणारा आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत विचारलेले दोन कोटींच्या आसपास प्रश्न उघड केले. नावे काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले होते. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी थोड्याच दिवसांत त्यांपैकी एका क्रमांकामागची वृद्ध बाई शोधून काढली, ती निव्वळ तिच्या प्रश्नांवरून. त्या प्रश्नांत बोटे बधिर होण्याविषयीचाही एक होता. याहून बोधप्रद गोष्ट पुढे निघाली. तिने विचारलेले अनेक वैद्यकीय प्रश्न तिच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी नव्हतेच. मैत्रिणींच्या दुखण्यांची माहिती ती त्यांच्यासाठी काढून देत असे. वहीवाल्याने मात्र ती सारी दुखणी तिच्याच खात्यावर मांडली असती. नोंद उघड होणे वाईट; ती चुकीची असून खरी मानली जाणे त्याहून वाईट.

नोंदी नुसत्या पडून राहतात असेही नाही. अमेरिकेत औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीने ग्राहकांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल आदी जाहिरातदार कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला, आणि कंपनीने १५ लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. 'आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?' असे कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत अनेकजण म्हणतात. त्यांनी मुलीच्या स्थळाच्या बोलणीत आईच्या आजाराची चर्चा कशी होते ते आठवावे, किंवा विमा कंपनीचा अर्ज भरताना 'पूर्वीचे आजार' या रकान्यापुढे पेन किती वेळ थांबते ते आठवावे. आजार लपवणे योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे. तो कोणाला, केव्हा सांगायचा हे रुग्णाने ठरवावे, एवढेच येथे म्हणणे आहे.

भारतात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. कायद्याची सारी भिस्त संमतीवर आहे. परंतु २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' अशा वेगळ्या वर्गात घातलेली होती. नव्या कायद्याने तसा वर्गच ठेवला नाही. वेदनेने तळमळणारा माणूस 'मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवतो, तेव्हा ती संमती कितपत खरी मानावी, याचा विचार विधिमंडळात बसणाऱ्यांनी अधिक करावयास हवा होता.

या पार्श्वभूमीवर संगणकातील जाणकारांनी शोधलेली एक वाट लक्ष देण्याजोगी आहे. ती म्हणजे स्वतःचे शोधयंत्र स्वतःच्या घरी बसवणे. 'सर्क्स' नावाचे असे एक मुक्त सॉफ्टवेअर २०१४ साली पुढे आले. २०२१ पासून त्याची 'सर्क्सएनजी' ही शाखा जगभरचे स्वयंसेवक चालवीत आहेत. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि त्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते. एखादा जुना संगणक किंवा तळहातावर मावेल असा रास्पबेरी पाय त्यासाठी पुरतो. हे यंत्र जगभरची पाने स्वतः साठवून ठेवत नाही. घरातील माणसाने विचारलेला प्रश्न ते गूगल, बिंग, विकिपीडिया अशा अनेक ठिकाणी नेते, उत्तरे गोळा करून एकत्र मांडते, आणि ओळख पटवणाऱ्या खुणा, म्हणजे खाते, कुकी, आधीच्या शोधांचा माग, वाटेतच गाळून टाकते. औषधाच्या दुकानात स्वतः न जाता शेजारच्या मुलाला चिठ्ठी देऊन पाठवावे, तसा हा प्रकार आहे. औषध मिळते, कोणासाठी नेले ते दुकानदाराला कळत नाही.

पण ही उपमा आणखी थोडी ताणली की या वाटेची मर्यादाही दिसू लागते. तो मुलगा रोज एकाच घरची चिठ्ठी घेऊन येत असेल, तर दुकानदाराला घर ओळखायला कितीसा वेळ लागणार? घरच्या संगणकावरून निघालेला प्रश्न घरच्याच इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून जातो, आणि तो क्रमांक समोरच्या शोधयंत्राला दिसतो. म्हणजे एकट्याने बसवून एकट्यानेच वापरलेले यंत्र जाहिरातदाराचा माग पुष्कळ तोडते, पण पूर्ण आडोसा देत नाही. निकालावर बोट ठेवून पुढच्या पानावर गेले की त्या पानाचा मालक पुन्हा आपल्या खुणा लावायला मोकळा असतो. मोठ्या कंपन्या अशा यंत्रांचे येणे-जाणे ओळखून त्यांना अडवतात. मग आज चाललेले उद्या चालत नाही आणि पुन्हा दुरुस्तीला बसावे लागते. त्यातून भारतीय घरात मोबाईल अनेकदा एकाचा नसतोच. निदान रुग्णापासून लपवण्याची चाल जेथे अजून आहे, तेथे आजीने काय शोधले हे नातवाला दिसणे आणि मुलाने काय शोधले हे आजीला दिसणे, या दोन्हींवर बॉस्टनचा वा बुडापेस्टचा कोणताही प्रोग्रामर तोड काढू शकत नाही.

तरीही या खटाटोपाला हसण्याचे कारण नाही. ज्याला हे काम येते त्याच्या बाबतीत तर ते बसवणे हाच एक दिलासा ठरू शकतो. मन दुसरीकडे गुंतले की वेदना बोथटते, हे दाराच्या सिद्धान्ताशी जुळणारे आहे आणि अनुभवालाही धरून आहे. शस्त्रक्रियेची वाट पाहणारा एखादा तंत्रज्ञ रात्री छतावरच्या पंख्याकडे पाहत पडण्याऐवजी यंत्राच्या सूचना लिहीत बसला, तर त्यात त्याचा दुहेरी लाभ आहे. या यंत्रात कोणती संकेतस्थळे निकालांतून वगळावीत, कोणती वर आणावीत, हेही मालकाला ठरवता येते. भयकथा आणि चमत्कारिक काढे विकणारी पाने बाहेर ठेवून इस्पितळांची व वैद्यकीय ग्रंथालयांची पाने पुढे आणता येतात. धास्तावलेल्या रुग्णाला खासगीपणापेक्षाही ही सोय अधिक उपयोगी पडेल.

मात्र दुखणाऱ्या पाठीने सर्वांनीच लिनक्स शिकावे असे कोणी म्हणणार नाही. हे काम संस्थांचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक विभागाला असे यंत्र चालवणे अवघड नाही. १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या व्यवस्थेत जिल्हा ग्रंथालयांनी ते चालवावयास हरकत नाही. अनेकांच्या चिठ्ठ्या एकाच मुलाने नेल्या की कोणाची कोणती हे दुकानदाराला खरोखरच कळत नाही. घरच्या यंत्रातील उणीव अशी सामायिक वापराने बरीचशी भरून निघते. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. यंत्र चालवणारा मनात आणील तर सर्वांचे प्रश्न पाहू शकतो, म्हणून नोंदी न ठेवण्याचा नियम लेखी हवा. ग्रंथपालांच्या व्यवसायाला ही गोष्ट नवी नाही. वाचकांच्या संपर्कातून कळलेली खासगी माहिती गोपनीय ठेवावी, असे अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवले आहे. तालुक्याच्या गावातील वाचनालयात कोण काय वाचतो हा ओट्यावरच्या गप्पांचा विषय असतो, त्यामुळे येथे ते थोडे अधिक ठळक अक्षरांत लिहावे लागेल.

एवढे करूनही मूळ अडचण राहतेच. शोधयंत्र घरी बसवता येते. उत्तर मात्र कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागते. इंग्रजी जाणणाऱ्या रुग्णाला ब्रिटनच्या आरोग्यसेवेची साध्या भाषेतील पाने मिळतात. मराठीत विचारणाऱ्याच्या पुढे बहुतेक वेळा घरगुती उपायांची यादी, एखाद्या खासगी रुग्णालयाची जाहिरात आणि यंत्राने केलेले ओबडधोबड भाषांतर येते. त्यात अत्यावश्यक गोष्टीच नसतात. उदाहरणार्थ, दुखते म्हणून दुकानातून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला व मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, आणि त्यांपैकी काही शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव वाढवतात. म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञाला सांगावयास हवी. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध परस्पर बंद करू नये, आणि लपवूही नये. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम, यकृत बिघडलेले असल्यास त्याहून कमी. आणि सर्दीच्या व अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते. काही दुखणी तर तारखेची वाट पाहण्याजोगी नसतातच. पित्ताशयाच्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, हर्नियाची गाठ कडक होऊन आत जाईनाशी झाली व उलट्या सुरू झाल्या, मणक्याच्या रुग्णाचा लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा मांड्यांमधील भाग बधिर झाला, तर त्याच रात्री इस्पितळ गाठावे लागते. ज्याला हे माहीत आहे, त्याला उरलेल्या रात्री थोड्या निर्धास्तपणे काढता येतात.

हे सारे लिहावयास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सा आणि भूलशास्त्र विभागांना एक आठवडा पुरेल. प्रत्येक सामान्य शस्त्रक्रियेसाठी एक पान मराठीत हवे. किती दुखेल, कोठे दुखेल, तोवर कोणती गोळी किती घ्यावी, चालावे की पडून राहावे, कोणत्या लक्षणाला थांबू नये, आणि रात्री शंका आली तर दूरध्वनी कोठे करावा, एवढे त्यावर असले की झाले. ते पान महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर असले तर ग्रंथालयातील शोधयंत्र ते पहिल्या क्रमांकावर आणील. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याच्यासाठी ते केसपेपरच्या मागच्या बाजूस छापता येईल. ती बाजू आज बहुतेक ठिकाणी कोरीच असते.